मावशीचा उशीर

माझी मावशी एकतीस वर्षं सिटी बस चालवत होती आणि या एकतीस वर्षांत तिची बस एकदाही उशिरा पोचली नव्हती. एकदाही म्हणजे एकदाही. पूर आला तेव्हा नाही, संप झाला तेव्हा नाही (संपालाही ती दहा मिनिटं आधी पोचली होती) आणि काका गेले त्या दिवशी तर तिने फेरी पूर्ण केली, बस धुवायला लावली आणि मगच रडली. निवृत्तीला आता तीन आठवडे उरले होते. मूलबाळ नाही, घर भाड्याचं, गुडघे कामातून गेलेले. पण उशीर नाही. तेवढं एक बरोबर घेऊन तिला घरी यायचं होतं.

अशा वेळी माझा मोठा भाऊ कला घेऊन आला.

दादा परफॉर्मन्स आर्टिस्ट आहे. म्हणजे तो चित्र काढत नाही, गात नाही, नाचत नाही, तो असतो. लोक येऊन बघतात. मागच्या वर्षी तो एका बँकेच्या पायरीवर डोक्यावर उशी घेऊन नऊ तास बसला होता. त्यामागे भूमिका होती. आई म्हणाली, "नवी उशी नेलीस ती नेलीस, निदान अभ्रा तरी धुतलेला घालायचास."

यंदा त्याला परदेशातून जोडीदार मिळाली होती. तिला आम्ही सगळे पाहुणी म्हणायचो. तिच्या देशात गाड्या सेकंदावर धावतात आणि याचा तिला लहानपणापासून त्रास होता. आमच्याकडे वेळ नदीसारखा वाहतो असं तिने कुठेतरी वाचलं होतं, म्हणून ती उशीर शिकायला इथे आली होती. दादा या विषयातला आमच्या घरचा अधिकारी माणूस. जन्मला तीन आठवडे उशिरा, दहावी झाला दोन वर्षं उशिरा आणि एकदा नोकरीच्या मुलाखतीला पोचला तोवर त्या कंपनीने गाशा गुंडाळला होता. दोघांचं पहिल्या भेटीतच जमलं. ती भेट ठरल्यापेक्षा चार तास उशिरा झाली. पाहुणीच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुभाषा म्हणून मला घेतलं. तिची भाषा मला येते, कारण मी दोन वर्षं हॉटेलच्या रिसेप्शनवर होतो. त्यामुळे त्या भाषेत मला फक्त दिलगिरी नीट व्यक्त करता येते. बाकी सगळं मी त्याच सुरात बोलतो.

प्रयोग असा होता. एक सिटी बस शहरातल्या स्टँडवरून निघणार आणि अकरा किलोमीटरवरच्या तळ्याशी जाणार. अर्धा रस्ता शहरातून, अर्धा जंगलातून. वेग चालणाऱ्या माणसापेक्षा कमी. आत प्रवासी नसतील, साक्षीदार असतील. बसला उशीर होईल आणि तो उशीर हीच कलाकृती. परिवहन खात्याला वरून पत्र आलं, 'पूर्ण सहकार्य करावे'. खात्याने विचार केला की परदेशी पाहुण्यांसमोर नाक कापलं जायला नको. म्हणून त्यांनी आपला सगळ्यात वक्तशीर ड्रायव्हर दिला.

दादा आनंदाने आमच्या स्वयंपाकघरात आला. मावशी आईबरोबर लसूण सोलत बसली होती.

"मावशी, उशीर करायचाय."

"किती वाजता?"

"तसं नाही गं. उशीर करायचा, एवढंच. वेळेच्या पलीकडे जायचं."

"पलीकडे म्हणजे किती वाजता?"

"मावशी, ही कला आहे. हा उशीर धरणार नाहीत."

"कोण धरणार नाही?"

"कुणीच."

"टाइमकीपरला विचारलंस?"

दादाने टाइमकीपरला विचारलं नव्हतं. टाइमकीपर हा डेपोच्या फाटकाशी काचेच्या खोलीत बसणारा माणूस. बस आली की घड्याळ बघतो आणि नोंद करतो. गेली वीस वर्षं मावशीच्या बसवर तो स्वतःचं घड्याळ लावत आला होता.

"दुसऱ्या कुणाला तरी सांग बाबा," मावशी म्हणाली. "एरवी तुझ्या उशीपाशीसुद्धा बसले असते. पण आत्ता नको. तीन आठवडे राहिलेत."

"खात्याने तुझंच नाव दिलंय."

मावशीने लसणाची पाकळी खाली ठेवली. खात्याने दिलेली ड्यूटी तिने कधी नाकारली नव्हती. तिने पदराला हात पुसले, चपला घातल्या आणि थेट डेपोत गेली.

डेपोत एक साधी पद्धत आहे. वेळापत्रकात जी वेळ लिहिली ती वेळ; तेव्हा बस पोचली की ती वेळेवर. अकरा किलोमीटरला वीस मिनिटं लिहा नाहीतर सहा तास लिहा, त्याच्याशी कुणाला घेणं नाही. टाइमकीपरने दादाचं बारा पानी टिपण मागवून घेतलं, दोन रात्री वाचलं आणि तिसऱ्या दिवशी शिक्का मारून विशेष वेळापत्रक काढलं. सुटणार सकाळी दहा वाजता. मोठा चौक, अलीकडचं टोक, अकरा बारा. मोठा चौक, पलीकडचं टोक, अकरा वीस. अकरा पंचेचाळीस, उत्स्फूर्त कृती, सहा मिनिटं. एक दहा, काळ विरघळणे, चार मिनिटं. तळं, चार वाजता. परतीची फेरी तळ्यावरून चार चाळीसला, नेहमीच्या वेगाने, डेपोत सव्वापाच.

त्या दिवशी बरोबर दहाला बस सुटली. आत आम्ही तेरा जण होतो. दादा, पाहुणी, मी आणि दहा साक्षीदार. साक्षीदारांनी एकाच रंगाचे कपडे घातले होते आणि जेवणाचे डबे वेगवेगळे आणले होते. दुसऱ्याच स्टॉपवर चौदावा माणूस चढला. हे एक आजोबा होते, हातात पिशवी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघालेले. साक्षीदारांपैकी कुणीतरी त्यांना सांगितलं की ही बस नाही, ही एक घटना आहे.

"पुढे जाते ना?" आजोबा म्हणाले.

"हळू जाते."

"मग बस आहे," म्हणत ते खिडकीशी बसले.

बस इतकी हळू चालली होती की शेजारून एक बाई बाबागाडी ढकलत पुढे गेली आणि बाबागाडीतल्या बाळाने आमच्याकडे वळून बघितलं. पाहुणी मागच्या सीटवर डोळे मिटून उशिराची वाट बघत होती. अकरा बाराला आम्ही मोठ्या चौकाच्या अलीकडच्या टोकाला होतो. अकरा वीसला पलीकडच्या.

"काहीतरी चुकतंय," पाहुणी मला म्हणाली. "मला अजून उशीर जाणवत नाही."

"आम्ही मनापासून दिलगीर आहोत," मी म्हणालो.

अकरा पंचेचाळीसला पाहुणी उठली, बसमधून उतरली आणि समोर रस्त्यावर आडवी पडली. साक्षीदारांनी श्वास रोखला. मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले. मावशीने ब्रेक दाबला, घड्याळ बघितलं आणि डब्यातून पेरूची एक फोड काढून खाल्ली. सहा मिनिटांनी पाहुणीची पाठ तापली आणि ती उठली. मावशीने गिअर टाकला.

"आपल्याला उशीर झाला?" पाहुणीने आशेने विचारलं.

मी मावशीला विचारलं. मावशीने वेळापत्रक माझ्या हातात दिलं आणि मी ते पाहुणीला वाचून दाखवलं. 'उत्स्फूर्त कृती, सहा मिनिटं' इथे आल्यावर मी पुन्हा दिलगिरी व्यक्त केली, पण उपयोग झाला नाही. पाहुणी दादावर तुटून पडली. तिच्या देशातलं जे काही सोडून ती सात समुद्र ओलांडून आली होती, तेच तिला शिक्का मारून परत मिळालं होतं.

"तुझ्या मावशीला सांग हे फाडायला!"

"मावशी, हे फाड म्हणते ती."

"शिक्क्याचा कागद आहे," मावशी म्हणाली. एवढं उत्तर तिला पुरेसं वाटलं.

तिथून पुढे कलाकृतीचं स्वरूप बदललं. दोघे कलावंत बसला उशीर करायचा प्रयत्न करत होते आणि मावशी तो होऊ देत नव्हती. दादाने मागचं दार धरून ठेवलं. मावशीने पुढचं उघडलं. पाहुणीने साक्षीदारांना उतरवून बसला उलट्या दिशेने ढकलायला लावलं. दहा कलाप्रेमी ढकलत होते आणि बस त्यांना हळूहळू तळ्याकडे नेत होती. 'काळ विरघळणे' चार मिनिटांत आटोपलं. डोळ्यांच्या दवाखान्याशी आजोबा उतरले तेव्हा तीन तास लागले होते. जाताना त्यांनी मावशीला वाकून सांगितलं, "तुमची बस म्हणजे घड्याळ लावून घ्यावं."

जंगलाचा रस्ता सुरू झाला आणि दोघे कलावंत एकदम गप्प झाले. साक्षीदारांना वाटलं, निसर्गाचा परिणाम. मला वाटलं, भूक. खरं म्हणजे दोघंही आपापला शेवटचा डाव आखत होते, आणि एकमेकांना न सांगता, कारण सहयोगाचा दुसरा आठवडा चालू होता.

चार वाजता, मिनिट इकडे ना तिकडे, आम्ही तळ्याशी पोचलो. पाहुणी सरळ चालत पाण्यात गेली आणि छातीइतक्या पाण्यात उभी राहिली. सूर्य बुडेपर्यंत आपण बाहेर येणार नाही असं तिने जाहीर केलं. मी किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभा राहिलो आणि भाषांतर करत राहिलो.

"मावशी, ती म्हणते, ती आता पाणी आहे."

"चार चाळीसला सुटायचंय, सांग तिला."

"ती म्हणते, पाण्याला चार चाळीस नसतात."

मावशी कात्रीत सापडली. शेवटच्या स्टॉपवर प्रवासी सोडून जायचं नाही हा तिचा नियम, आणि सुटायची वेळ चुकवायची नाही हाही. चार पस्तीसला ती उठली आणि हॉर्न वाजवून तिने किनाऱ्यावरच्यांना आत घेतलं. तळ्यावर बोटी पाण्यात सोडायला सिमेंटचा उतार केलेला आहे. मावशीने बस वळवली, आरशात बघत त्या उतारावरून मागे मागे पाण्यात घेतली, चाकं निम्मी बुडेपर्यंत. पुरात तिने यापेक्षा जास्त पाण्यातून बस काढली होती. मागचं दार पाहुणीपासून चार हातांवर आलं आणि फुस्स आवाज करून उघडलं.

पाहुणी निळी पडली होती. दात वाजत होते. आतला दिवा पिवळा होता आणि सीट कोरडी होती. दोन संस्कृतींमधलं साम्य शोधायला तिला दोन आठवडे लागले होते आणि ते तिला इथे सापडलं: थंडीत ताटकळलेल्या माणसासमोर बसचं दार उघडलं की माणूस चढतो. ती चढली. वर चढून तिने सवयीने दांडीही धरली.

मावशीने आरशात डोकी मोजली. तेरा. मावशी डोकी मोजते, चेहरे बघत नाही. एकतीस वर्षांत किती चेहरे बघणार? चार चाळीसला बस पाण्यातून वर आली. साक्षीदारांनी टाळ्या वाजवल्या. मावशीच्या मानेवरची शीर पहिल्यांदा सैल झालेली मी पाहिली. नेहमीचा वेग, मोकळा रस्ता, पस्तीस मिनिटं. झालं होतं.

चार अठ्ठावन्नला मला वास आला. दादाच्या सीटवर एक अनोळखी माणूस बसला होता, मांडीवर गळ आणि प्लास्टिकच्या डब्यात दोन मासे.

"तुम्ही कोण?"

"मासे पकडत होतो," तो म्हणाला. "दार उघडं दिसलं."

मी उठलो आणि पुन्हा बसलो. खोटं कशाला बोलू, मी एक अख्खा स्टॉप काही बोललो नाही. दादा चाळीस वर्षांचा घोडा. जंगल लहान, रस्ता माहीत, उद्या सकाळी चालत आला असता. आणि ही बाई सतरा मिनिटांत घरी पोचणार होती, एकतीस वर्षं घेऊन. पण दादाचा फोन माझ्याच खिशात होता आणि त्याला अंधाराची भीती वाटते हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी पुढे गेलो. "मावशी, दादा राहिला."

"तेरा मोजले मी."

"एक मासेवाला आहे."

मावशीने घड्याळ बघितलं, मग रस्ता बघितला, मग परत घड्याळ बघितलं. "मूर्ख आहे," ती म्हणाली. "लहानपणी पण असाच लपून बसायचा आणि कुणी शोधलं नाही की रडायचा." मग तिने इंडिकेटर दिला. मागेपुढे एकही गाडी नव्हती, तरी दिला. बस वळली.

तळ्याशी पोचेपर्यंत सव्वापाच उलटून गेले होते. आम्ही सगळे जंगलात शिरून हाका मारू लागलो. साक्षीदारांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला आणि ते फार सुरेल हाका मारत होते. दादा ओ देत नव्हता. शेवटी मासेवाल्याचा पाय पालापाचोळ्याच्या एका ढिगात पडला आणि ढीग ओरडला.

दादा मानेपर्यंत पाल्यात निजला होता. तोंडात एक पान होतं.

"काय केलंस हे मावशी!" त्याने पान थुंकून टाकलं. "मी सकाळपर्यंत थांबणार होतो! मी वाट बघणं झालो होतो!"

मावशीने त्याच्या केसांतली काटकी काढली. "चल. तुझ्या आईने खिचडी टाकली असेल."

"मला न्यायला यायचं कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही," मावशी म्हणाली आणि बसकडे चालू लागली.

इतक्यात पाहुणीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने माझा हात धरून विचारलं, "म्हणजे आता... उशीर झालाय?" मी हो म्हणालो, आणि मला वाटतं त्या दिवसातली तेवढी एकच दिलगिरी मी मनापासून व्यक्त केली. पाहुणी आनंदाने किंचाळली. ती धावत जाऊन मावशीच्या गळ्यात पडली. तिचे कपडे ओले होते, त्यामुळे मावशीचा युनिफॉर्मही भिजला.

"दार बंद होतंय," मावशी म्हणाली.

सहा वाजून सात मिनिटांनी बस डेपोच्या फाटकातून आत आली. बावन्न मिनिटं. काचेच्या खोलीत टाइमकीपर उभा होता. तो कधी उभा राहत नाही. त्याने खणातून उशिराचा फॉर्म काढला. मावशीने तो आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला होता. तिने तो आधी उलटा धरला. कारणांची यादी छापलेली होती, टायर, इंजिन, अपघात, वाहतूक, आजारी प्रवासी. मावशीने चष्मा लावून सगळी वाचली, 'इतर' वर खूण केली आणि पुढे लिहिलं, 'भाचा'.

टाइमकीपरने ते वाचलं. "इंजिन लिहा की," तो हळूच म्हणाला. "इंजिन कोण बघतंय?"

"इंजिन चांगलं आहे," मावशी म्हणाली.

पाहुणी फॉर्मकडे पोर बाहुलीकडे बघतं तशी बघत होती. हा कागद प्रदर्शनाला मिळेल का, असं तिने मला विचारायला लावलं. मी नेहमीप्रमाणे आधी माफी मागितली, कारण सरकारी कागद असा कोण देतो? पण टाइमकीपरने तो माझ्या हातात इतक्या चटकन ठेवला की पाहुणीही चकित झाली. "वरून पत्र आहे," तो म्हणाला. "पूर्ण सहकार्य." त्याने नोंदवहीत बसची आत यायची वेळ लिहिली नाही. पेन संपलं म्हणाला. पेन चालत होतं. त्याच पेनने त्याने नंतर कान खाजवला आणि कानावर शाई उमटली.

प्रदर्शन आठवड्याभराने लागलं. काचेखाली फॉर्म आणि खाली पाटी: 'बावन्न मिनिटे. साहित्य: कागद, शाई, बस, स्थानिक स्त्री.' त्याखाली दादाचं आणि पाहुणीचं नाव होतं. पेपरात फोटो आला. पाहुणी परत गेली तेव्हा तिचं विमान वेळेवर सुटलं आणि ते तिने मोठ्या मनाने सहन केलं.

त्यानंतर आठवड्याने मावशीचा निरोपसमारंभ झाला. डेपो मॅनेजरने फ्रेम केलेलं मानपत्र वाचलं. "एकतीस वर्षांत एकही उशीर नाही!" टाळ्या झाल्या. टाइमकीपरच्या सगळ्यात जोरात होत्या.

मावशी उठली. "एक आहे."

"काय आहे?"

"उशीर. बावन्न मिनिटं."

मॅनेजरने टाइमकीपरकडे बघितलं. टाइमकीपरने बुटांकडे बघितलं. "कागद नाही साहेब."

"कागद काचेत आहे," मावशी म्हणाली. "दोन स्टॉपवर. जाऊन बघा."

समारंभ थांबवून टाइमकीपरला पाठवण्यात आलं. लोकांनी तोवर केक संपवला. अर्ध्या तासाने तो परतला आणि त्याने अहवाल दिला: कागद आहे, पण शेजारी 'हात लावू नये' अशी पाटी आहे, आणि हातात घेऊन तपासल्याशिवाय डेपोला कुठलाही कागद ग्राह्य धरता येत नाही. मॅनेजरने सुटकेचा श्वास टाकला आणि मानपत्र मावशीच्या हातात दिलं.

मावशी ते घेऊन खुर्चीवर बसली. फ्रेमच्या मागच्या चार पट्ट्या तिने नखाने वर केल्या, कागद बाहेर काढला आणि टाइमकीपरच्या खिशातलं पेन मागून घेतलं. 'एकही उशीर नाही' याच्या पुढे तिने ठळक अक्षरात लिहिलं, 'एक सोडून'. मग कागद आत घातला, पट्ट्या दाबल्या आणि आम्ही घरी आलो, मिळाली त्या बसने.

ते आता तिच्या खोलीत, पलंगासमोर टांगलेलं आहे. दादाने परवा बघितलं आणि बराच वेळ त्याच्यापुढे उभा राहिला. हे फार मोठं काम आहे, तो म्हणाला, आणि पुढच्या प्रदर्शनासाठी मागितलं.

मावशीने दिलं नाही.